वन्स, द स्वेल सीझन आणि बॅटरीवाला सीन

काल रात्री परत 'वन्स' हा पिक्चर लावला आणि आज सकाळपासून त्यातले हिरो-हिरोईन, गायक ग्लेन हॅन्सार्ड आणि मार्केटा इर्ग्लोवाच डोक्यात वाजतायत, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. तो डब्लिनचा, तेराव्या वर्षी शाळा सोडून तिथल्या ग्राफ्टन स्ट्रीटवर गिटार घेऊन गायला उभा राहिलेला, ती चेक रिपब्लिकची, शूटिंगच्या वेळी जेमतेम सतरा-अठराची. दोघांच्या गाण्याच्या जोडीचं नाव द स्वेल सीझन. डिरेक्टर जॉन कार्नी हा आधी ग्लेनच्याच द फ्रेम्स बँडमध्ये बेस वाजवायचा, त्यामुळे पिक्चर म्युझिशियनने म्युझिशियनसाठी बनवल्यासारखा वाटतो.

बजेट साधारण 1 लाख 30 हजार युरो, शूटिंग 17 दिवस. रस्त्यावरचे सीन लांबून, मोठी लेन्स लावून घेतलेत, येणाऱ्याजाणाऱ्यांना पत्ताच नाही की शूट चालू आहे. पार्टीचा सीन ग्लेनच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, आणि त्यात गाणारी बाई म्हणजे त्याची खरी आई!

पण मला बोलायचंय ते बॅटरीवाल्या सीनबद्दल. त्याने तिला एक चाल दिलेली असते, शब्द तू लिही म्हणून. ती रात्री सीडी प्लेअरवर ऐकत बसते आणि सेल संपतात, मग पोरीच्या पिगी बँकेतली चिल्लर काढते, परत देईन गं म्हणते, घरच्याच कपड्यांत, पायात स्लीपर, कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणते आणि परत येताना रस्त्यावर चालता चालता गायला लागते. कॅमेरा तिच्यासोबत चालत राहतो आणि गाणं पूर्ण होईपर्यंत कुणाला कसली घाई नाही. गाणं सुचतं कसं ते इतक्या जवळून मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलेलं नाही. आवाज थोडा कापरा, वरची पट्टी ताणलेली, आणि तसाच ठेवलाय. तो घासूनपुसून गुळगुळीत केला असता तर सीन मेला असता, हे माझं ठाम मत आहे. आपल्याकडे हिरोने तोंड उघडलं की मागे पन्नास व्हायोलिन सुरू होतात, मला तेही आवडतं, पण इथे जे आहे ते फक्त एका माणसाच्या गळ्यातून येतंय.

पिक्चरमधल्या 'फॉलिंग स्लोली' गाण्याला 2008 मध्ये ऑस्कर मिळालं. तिथे मार्केटा बोलायला माइकपाशी आली तेवढ्यात ऑर्केस्ट्रा वाजला आणि तिचं बोलणं राहूनच गेलं, तर सूत्रसंचालक जॉन स्टुअर्टने ब्रेकनंतर तिला परत स्टेजवर बोलावलं. यूट्यूबवर आहे, बघाच.

खऱ्या आयुष्यातही दोघं काही काळ एकत्र होते, मग वेगळे झाले, तरी 2009 मध्ये त्यांचा 'स्ट्रिक्ट जॉय' अल्बम आला आणि एवढ्या वर्षांनी 2025 मध्ये 'फॉरवर्ड'. तो अजून ऐकला नसेल तर आधी पिक्चर बघा, मग अल्बम, आणि प्लीज हेडफोन लावून.