नोडची छाटणी

नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या रिक्षाच्या काचेवर ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ असं रेडियम असतं. ते वाचण्यापेक्षा त्याची कड बघण्यात जास्त गंमत आहे. ‘ग’चा वाटोळा भाग एका दमात वळला असेल, तर फाइल करणाऱ्याने नोड, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षराची कड ज्यांच्यावर बांधलेली असते ते बिंदू, साफ केले होते असं समजावं. तीच कड कुरतडल्यासारखी, मध्येच चपटी, मध्येच टोकदार दिसली, तर मशीनला नावं ठेवू नयेत. प्लॉटर, म्हणजे रेडियम कापणारं मशीन, बिचारा सांगितलं तसंच कापतो.

त्याचं ब्लेड स्वतःभोवती मोकळं फिरतं आणि त्याचं टोक मध्यापासून किंचित बाजूला असतं. रेडियमच्या बऱ्याच ब्लेडमध्ये ०.२५ मिलिमीटर. त्यामुळे टोक मागून ओढलं जातं आणि रेषेची दिशा बदलली की वळतं. दोन नोडमध्ये लांब वळण असेल तर ते निवांत वळत जातं. पाव-पाव मिलिमीटरवर नोड असले आणि प्रत्येकाची दिशा जराजराशी इकडेतिकडे असली, की ब्लेड थरथरत चालतं. मग नको असलेलं रेडियम सोलताना त्या बारीक दातऱ्यांबरोबर अक्षराची कडही उचलली जाते. पुढे काच धुता-पुसताना रेडियम सुटायला लागतं ते तिथूनच.

इतके नोड येतात कुठून? गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, ‘हाच लोगो टाका’ म्हणतं. फोटो कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेऊन ट्रेस केला, त्याच्यावरून आपोआप कड आखून घेतली, की सॉफ्टवेअर पिक्सेलच्या पायऱ्या प्रामाणिकपणे मोजतं आणि जवळपास प्रत्येक पायरीवर एक नोड ठोकून देतं. साधं ‘व’चं पोट घ्या. बाहेरच्या कडेला वर, डावीकडे आणि खाली असे वळणाचे तीन नोड, दंडाला मिळतात तिथे कोपऱ्याचे दोन. आतल्या पोकळीचंही तसंच. दहा नोडमध्ये पोट तयार. ट्रेस केलेल्या ‘व’ला सहज साठ-सत्तर निघतात. रंग काढून नुसत्या रेषा दाखवणाऱ्या वायरफ्रेममध्ये बघितलं तर मुंग्यांची रांगच.

वर, डावीकडे, खाली हे ठिकाण उगाच ठरलेलं नाही. नोडमधून निघून वळणाला दिशा देणारी दांडी म्हणजे हँडल. वळण जिथे सगळ्यात वर जातं तिथे हँडल आडवं असतं, सगळ्यात डावीकडे जातं तिथे उभं. आडवं आणि उभं हँडल कंट्रोल दाबून धरलं की सरळ राहतं, बाहेरची आणि आतली कड एकमेकींशी पडताळता येते आणि जाडी कुठे फुगली, कुठे मोडली ते लगेच दिसतं. तिरक्या जागी नोड टाकला की ही सोय गेली. मग नुसता डोळ्यांचा अंदाज.

नवीन मुलगा कामाला बसला की नोड हलवायचं हत्यार घ्यायला एफ१० दाबतो, नोड धरतो आणि ढकलत सुटतो. वळण बिघडलं की डबल क्लिक करून आणखी एक नोड. तो बिघडला की आणखी एक. खरं काम हँडलचं असतं. नोड रेषेवर असतो, हँडलचं टोक रेषेबाहेर हवेत असतं, त्याचा छपाईत कुठे मागमूस नसतो, आणि तरी पोट किती सुटायचं ते तोच ठरवतो. सौम्य वळणात हँडलची लांबी त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश ठेवली की बहुतेक भागतं. वर्तुळ कर्व्ह केलं, म्हणजे नोडच्या रेषेत बदललं, की चार नोड मिळतात आणि हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट असते. पाव वर्तुळाच्या कडेच्या हिशेबात हाही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच येतो. गणिताने ते वर्तुळ तंतोतंत नसतं. पण १ मीटर त्रिज्येच्या कमानीलाही फरक जेमतेम पाव मिलिमीटर पडतो, आणि सिंहस्थाच्या स्वागत कमानीखालून जाणाऱ्या माणसाला तो दिसायची काही भीती नाही.

हँडल फार लांब ओढलं, समोरच्या हँडलला ओलांडून पुढे गेलं, की वळणाला कुबड येतं नाहीतर गाठ पडते. फार आखडलं की नोडजवळ रेषा झटकन वळते आणि पुढे ताठ चालते. स्मूथ नोडची दोन्ही हँडलं एका रेषेत राहतात, लांबी वेगवेगळी चालते. सिमेट्रिकलमध्ये लांबीही सारखीच. कोपऱ्याला कस्प. कोरलमध्ये नोड निवडून सी दाबलं की स्मूथचा कस्प किंवा कस्पचा स्मूथ होतो, एस दाबलं की स्मूथचा सिमेट्रिकल किंवा सिमेट्रिकलचा स्मूथ. अक्षराच्या कामात सिमेट्रिकल जवळजवळ लागतच नाही. बोरूने लिहिल्यासारखं अक्षर दोन्ही बाजूंनी सारखं कधी वळतं?

नोड टाकणं फुकट असतं, काढण्याची मात्र किंमत पडते. कागदावर चार बिंदू घ्या, दोन नोड आणि त्यांच्यामधल्या हँडलांची दोन टोकं; शेजारच्या बिंदूंचे मध्य काढा, तीन मिळतील. त्या तिघांचे मध्य काढा, दोन मिळतील. त्यांचा मध्य हा नेमका वळणावरचा बिंदू. सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९मध्ये ही रीत बसवली. कंपनीने ती गुपित ठेवली आणि नाव झालं रेनोच्या पिएर बेझिए यांचं. वळणावर डबल क्लिक केलं की याच रीतीने एका तुकड्याचे दोन होतात, म्हणून आकार केसभरही हलत नाही. नोड काढल्यावर मात्र दोन तुकड्यांचा ऐवज एका तुकड्यात बसवायचा असतो. तो नेमका बसेलच असं नाही, म्हणून सॉफ्टवेअर अंदाज करतं आणि उरलेलं हँडलने आपण सावरायचं.

ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत काडीवर मोजकेच डोळे राखतात, बाकीची काडी बिनदिक्कत कापतात. इथेही तसंच. आधी कुठले ठेवायचे ते ठरवायचं, वरचे, डावीकडचे, खालचे, कोपऱ्याचे; मग मधले सगळे चौकट ओढून निवडायचे आणि डिलीट. वळण वेडंवाकडं होईल, होऊ द्या. राहिलेल्या दोन नोडची हँडलं ओढून खालच्या फोटोवर बसवा. फोटो आधी लॉक केलेला बरा, नाहीतर तोही सरकतो. रिड्यूस नोड्सची पट्टी सरकवून एका झटक्यात काम होतं असं वाटतं, पण सगळ्या आकारावर ती फिरवली की कोपरे गोल होतात आणि सरळ दंडाला पोक येतं. ती वळणाच्या तुकड्यापुरतीच वापरावी. इंकस्केप फुकट मिळतं आणि त्यात हीच कामं एन दाबून होतात. फक्त सवयीने कंट्रोल एल दाबू नये. कोरलमध्ये ते कंबाइन करतं, म्हणजे निवडलेले आकार एकाच आकारात जोडतं, इंकस्केपमध्ये आकार सोपा करतं, आणि पटापट दोन-तीनदा दाबलं तर ‘श’चा बटाटा होतो.

कंबाइनचा देवनागरीत वेगळाच घोटाळा आहे. कंट्रोल क्यूने मजकूर कर्व्ह केला तरी शिरोरेषेचे तुकडे, काना, मात्रा एकमेकांवर चढलेलेच असतात. नुसतं कंबाइन केलं तर जिथे चढलेत तिथे पांढरी भोकं पडतात. काहीच न करता कापायला दिलं तर ब्लेड प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे सुटून हातात येतात. वेल्डच करावं लागतं, म्हणजे चढलेले आकार एकजीव करून बाहेरची एकच कड ठेवावी लागते. वेल्डनंतर शिरोरेषेच्या सांध्यावर नखाएवढीही नसलेली पायरी राहते, दोन नोड जवळजवळ एकमेकांवर. ती झूम करून काढायची. राहिली, तर अक्षराला जाड पांढरी आउटलाइन दिल्यावर तिथून भाला बाहेर येतो. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावातून काटे फुटलेले दिसतात ते हेच. आउटलाइनचे कोपरे गोल केले की काटे जातात, पण पायरी तिथेच असते.

आणि सगळं वेल्ड झाल्यावर, नोड साफ झाल्यावर, कुणीतरी मागून वाकून बघतं आणि म्हणतं, ‘शुभेच्छूक’ दीर्घ झालंय. आता तो मजकूर राहिलेला नाही, खोडून परत टाइप करता येत नाही, आणि श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा तो फॉन्ट फाइल पाठवणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर आहे. सुदैवाने ऱ्हस्व उकार त्याच शब्दात, ‘शु’खाली, तयार असतो. त्याच्यावर छोटा चौकोन काढा, इंटरसेक्ट करा, म्हणजे चौकोनात सापडलेल्या उकाराची एक सुटी प्रत मिळते. दीर्घ उकारावर दुसरा चौकोन ठेवून ट्रिम करा, म्हणजे तेवढा भाग कापला जातो. प्रत ‘च्छ’खाली सरकवा, किंचित वर चढवून, आणि पुन्हा वेल्ड. चौकोनाने कापलेल्या जागी दोन्ही बाजूंना एकेक फालतू नोड उरतो. तो काढा, वरचं हँडल जरा खाली ओढा, म्हणजे जोड दिसत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, फ्लेक्स मशीनवर चढलेला नसेल तर.