चालताना प्रश्न विचारला, आणि पावलं थांबली

सोलापूरच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून आलेल्या अम्मांच्या केसपेपरवर 'गुडघेदुखी' एवढंच लिहिलं होतं. वय सत्तरीच्या पुढे, बरीच वर्षं साखर, घरची भाषा तेलुगू, हयात विड्या वळण्यात गेलेली. मुलगा म्हणाला, "आई हल्ली फार हळू चालते, मॅडम. दोनदा पडली. गुडघ्याला शेक द्या, व्यायाम सांगा."

गुडघे तपासले. झीज होती, पण जन्मभर मांडी घालून काम केलेल्या बाईला असते तितकीच. सूज नव्हती, मांड्यांत ताकदही बरी होती. तेवढ्यावरून माणूस दोनदा पडावा, हे मला पटेना.

मग आमची नेहमीची चाचणी घेतली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. अम्मांना १५ सेकंद लागले. १२ च्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो. दुसऱ्या फेरीला त्या निम्म्यात असताना मी विचारलं, "अम्मा, दिवसाला किती विड्या वळायच्या तुम्ही?"

पावलं जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हजार. हात चालला तर जास्ती." आणि मग पुढचं पाऊल. पुन्हा एक प्रश्न टाकला, पुन्हा थांबल्या. मुलगा म्हणाला, "ती नीट विचार करून बोलते." सून मात्र गप्प झाली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, पडल्या तेव्हा दोन्ही वेळेला कुणीतरी हाक मारली होती. एकदा नातवानं मागून, एकदा मीच स्वयंपाकघरातून."

पुढचं सगळं तिच्या त्या वाक्यामुळे सुचत गेलं.

चालणं आपोआप होतं असं आपण धरून चालतो, पण म्हातारपणी त्यातलं बरंचसं काम मेंदूच्या पुढच्या भागाला लक्ष देऊन करावं लागतं. त्याच लक्षातून बोलणं, आठवणं, हिशोब करणं चालतं. लक्ष अपुरं पडलं की दोन्हीपैकी एक काम थांबतं. स्वीडनमध्ये वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालता चालता असंच बोलतं केलं होतं. बोलण्यासाठी १२ जण थांबले, आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. मला ही तपासणी फार मोलाची वाटते, कारण तिला लिहिता-वाचता यावं लागत नाही. स्मरणशक्तीच्या बऱ्याच चाचण्यांत वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा, असं असतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे त्यात गुण कमी आले, तर त्यावरून काय ठरवायचं?

अम्मांचं लक्ष चालण्यातच एवढं का खर्च होत होतं? कंप जाणवतो का हे बघायचा काटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "काही लागत नाही," म्हणाल्या. घोट्यावर जेमतेम. तळव्यांकडून जमिनीची खबरच येत नसेल, तर डोळ्यांनी आणि डोक्यानं प्रत्येक पाऊल सांभाळावं लागणार. साखरेनं नसा बधिर होतात, हे घरच्यांना ठाऊक होतं. पण साखरेसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिननं वर्षानुवर्षांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बी-१२ घटलं की पाय बधिर होतात आणि विसरायलाही होतं. गॅस चालू राहतो, तेच ते विचारतात, असं सून सांगतच होती. चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवलं. बी-१२ खरोखरच फार खाली होतं. इंजेक्शनं सुरू झाली.

व्यायामावरून मात्र मुलाशी वाद झाला. पडल्यापासून त्यानं आईचं सगळं काम बंद केलं होतं. बाजार नाही, भाजी निवडणं नाही, शेजारी जाणंसुद्धा नाही. "तिनं आता आराम करावा." त्याचा जीव तुटतो आईसाठी, ते दिसत होतं. पण बसून राहिलेल्या माणसाच्या पायातली ताकद जाते, कुणी भेटत नाही म्हणून बोलणं आटतं, आणि मग डोकंही मंदावतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हा आराम तिला महागात पडेल. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, आणि सुनेचा हात धरून गल्लीत चालताना तेलुगूत घरोघरची नावं सांगत जाणं, एवढं ठरवून दिलं. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा आणि मागे पट्टा असलेली चप्पल, हेही.

काही महिन्यांनी त्या परत आल्या. पायांची बधिरता पूर्ण गेलेली नाही, साखरेचा वाटा राहणारच. विसरणंही आहे, थोडं कमी. पण चालताना मी नातवाचं नाव विचारलं, तेव्हा वेग मंदावला, पाऊल थांबलं नाही.

जाताना मुलानं विचारलं, यंदा आईला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, न्यावं का? न्या म्हटलं, गर्दी कमी असेल त्या वेळी, एक हात धरून. फक्त पायऱ्या उतरताना तिच्याशी कुणी बोलू नका.