माझा अनुभव: कोरड्या डोळ्यांच्या थेंबांची पहिली चाचणी

कोरड्या डोळ्यांचे थेंब तपासताना आम्ही सुरुवात सशाच्या डोळ्यापासून करत नाही. १९४४ ची ड्रेझ चाचणी बाजूला ठेवून मानवी पेशींपासून वाढवलेला कॉर्नियासारखा थर वापरतो. पद्धत ओईसीडी ४९२ ची, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी-मार्गदर्शिका क्रमांक ४९२ ची.

नमुना आला की आधी पीएच आणि ऑस्मोलॅलिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मोजायची. अश्रूंची ऑस्मोलॅलिटी ३०० मिलिऑस्मोल प्रति किलोच्या आसपास असते. थेंब त्यापासून फार लांब असेल तर पेशी तेवढ्यानेच फुगतात किंवा आकसतात, आणि दोष भलत्याच घटकावर जातो. थेंब एमटीटीत (पिवळं रंगद्रव्य, जे जिवंत पेशी जांभळं करतात) मिसळूनही पाहायचा. पेशी नसतानाच तो जांभळा झाला, तर पुढचे आकडे फसवे येतील.

थर २० मायक्रोलिटर बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणाने) अर्धा तास ओला करायचा. मग ५० मायक्रोलिटर थेंब, ३७ अंशांवर ३० मिनिटं. सोबत तुलनेसाठी निरुपद्रवी पाणी आणि डोळ्याला त्रास देणारं मिथाइल ॲसिटेट, प्रत्येकाला किमान दोन थर.

खरी कसोटी धुण्यात आहे. १ टक्का कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचा (थेंब दाट करणाऱ्या घटकाचा) थेंब चिकटून बसतो आणि तीन बीकरांतल्या बफरमध्ये बुडवूनही पूर्ण निघत नाही. उरला तर संपर्काचा वेळ वाढतो आणि एकाच थेंबाच्या दोन थरांचे आकडे फाकतात. फरक २० टक्क्यांवर गेला की फेरी बाद. त्यामुळे जास्तीचं धुणं लागतं, पण पिपेटची धार थेट थरावर सोडू नये, पेशी सुटतात. जेवढं जास्त धुतलं तेवढंच पाण्याचा थरही धुवायचा. हे हमखास विसरलं जातं.

पुढे १२ मिनिटं पेशींच्या ताज्या पोषक माध्यमात, २ तास ३७ अंशांवर, ३ तास एमटीटीत. रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवून ५७० नॅनोमीटरवर मोजायचा. पाण्याच्या थराच्या तुलनेत ६० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत असतील तर निकाल चांगला.

तेवढ्यावर मात्र थांबू नये. रुग्ण हे थेंब दिवसातून चार-सहा वेळा, वर्षानुवर्षं घालतो. ही चाचणी एकाच संपर्काची. म्हणून आम्ही वेळ वाढवत नेतो आणि निम्म्या पेशी मरायला किती वेळ लागतो ते पाहतो. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारा घटक) असलेला थेंब आणि तेच द्रावण त्याच्याविना, असे दोन्ही एकाच दिवशी, एकाच तुकडीतल्या थरांवर लावायचे. तुकडी बदलली की प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास आणि थरांमधला मुळातला फरक वेगळे काढता येत नाहीत.