हात मोकळे नसतानाचे फोटो

शनिवार, रात्र

शटर ओढलं तरी आज संगणक बंद करवेना. दादाने दिलेल्या पेन ड्राइव्हमधले फोटो दिवसभर लावतेय, काढतेय, परत लावतेय. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नाशिक रोडच्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनच्या शाळेत हेलिकॉप्टर शिकला, बरीच वर्षं बर्फात काढली आणि निवृत्त झाल्यावर आता जुहूहून बॉम्बे हायच्या, म्हणजे समुद्रातल्या, तेलफलाटांवर माणसं नेतो-आणतो. त्याच्या बरोबरीच्या वैमानिकांचा मेळावा आहे. प्रत्येकाने आपले फोटो आणि चार ओळींच्या आठवणी पाठवल्यात, त्यांचं पुस्तक करायचं काम माझ्याकडे आलंय. निपाणीत आमचा धंदा लग्नं, बारशी आणि आधार कार्डच्या फोटोंचा. असं काम हातात येईल असं कधी वाटलं नव्हतं. जीव ओतून करणार आहे.

आधी माझ्या धंद्यातलं एक लिहून ठेवते. निम्म्या फोटोंत पाती वाकडी, तुटलेली, एकमेकांपासून सुटलेली दिसतात. मोबाइलचा कॅमेरा सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही, ओळीओळीने वाचत जातो, तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. चांगल्या कॅमेऱ्याने १/१००० सेकंदाच्या शटरवेगाने काढलेल्या फोटोंची वेगळीच खोड. त्यांत पाती जागच्या जागी थिजतात आणि यंत्र आभाळात बंद पडल्यासारखं दिसतं. चीता हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, त्याला १/१२५ पुरे. पात्यांचा फिकट पट्टा उमटतो आणि फोटोत जीव येतो. असे फोटो थोडेच आहेत, ते मी मोठे छापणार.

दादाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला कधी सुचली नसती. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकलेली असतात. तीच उडताना भार घेतात आणि टोकाकडून वर उचलली जातात. तो बोट ठेवून म्हणाला, "ही पाती किती वर गेलीत बघ. ह्याच्या पोटात वजन आहे." तेव्हापासून मी प्रत्येक फोटोत आधी पाती बघते.

सियाचीनचे फोटो सगळ्यांचेच आहेत. अठरा-वीस हजार फुटांवर एका खोलीएवढी सपाट जागा, तिच्यावर चीता टेकलेलं, बाजूला तोंड झाकलेले दोन जवान रॉकेलचे कॅन उतरवतायत. इंजिन चालूच. तिथल्या विरळ हवेत ते बंद केलं तर परत सुरू होईलच याची खात्री नाही, म्हणून टेकायचं, सामान टाकायचं, निघायचं. एकाने लिहिलंय की एवढ्या उंचीवर यंत्र जेमतेम काही किलो उचलतं, कधी दोन कॅन न्यायचे की एकच हा निर्णय खालीच घ्यावा लागतो, आणि वरची माणसं त्या एका कॅनवर आठवडा काढणार असतात. हे वाक्य मी जसंच्या तसं छापणार आहे.

ह्याच यंत्राची एक हकिकत दादाने रंगवून सांगितली. चीता आपल्याकडे एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलं, पण आराखडा फ्रेंच लामाचा. २१ जून १९७२ ला झां बुले नावाचा वैमानिक लामा घेऊन १२,४४२ मीटरवर गेला. तिथे इंजिन विझलं. तो तसाच, इंजिनाशिवाय, जमिनीपर्यंत सुखरूप उतरला. मला हे पटेना. मग दादा म्हणाला, "जांबोटीच्या रानात उक्षीची फळं गळताना बघितलीस ना? कशी भिरभिरत येतात." इंजिन गेलं की वैमानिकाने लगेच डाव्या हातातला दांडा खाली दाबून पात्यांचा कोन कमी करायचा. यंत्र खाली येऊ लागतं, खालून वर येणारी हवा पाती फिरवत राहते, आणि जमीन जवळ आली की त्याच फिरण्यात साठलेला जोर एकदाच वापरून अलगद टेकायचं. तो जोर दुसऱ्यांदा मिळत नाही.

समुद्रावरचे फोटो त्या मानाने सारखेच वाटतात: फलाट, जाळी अंथरलेला डेक, जाकिटं घातलेली माणसं. त्यांना दोनच पानं.

गावाकडचा फोटो एकच आला, पण तो बघून मला हसू फुटलं आणि भरूनही आलं. सैन्यातून निवृत्त होऊन भाड्याची हेलिकॉप्टरं चालवणाऱ्या एकाने वरून काढलेला, निवडणुकीच्या दिवसांतला. शाळेचं मैदान, फक्कीने आखलेलं वर्तुळ, त्यात मोठा एच, बाजूला टँकरने मारलेल्या पाण्याचा ओला डाग आणि कुंपणाला चिकटलेली शेकडो पोरं. आमच्याकडे हेलिकॉप्टर म्हणजे हेच. नेता कुठल्या पक्षाचा, भाषण कानडीत की मराठीत, पोरांना काही देणंघेणं नसतं. ती पंख्यासाठी येतात, मीही गेले होते. पाणी नेत्याच्या स्वागताला मारतात असं आम्हाला वाटायचं. ह्या वैमानिकाने लिहिलंय: पाणी मारलं नसेल तर शेवटच्या दहा फुटांत धुळीचा लोट उठतो, जमीन दिसेनाशी होते, आणि आपण कुठे सरकतोय ते कळत नाही. तो मैदानावर आला की आधी पोरं बघतो, मग मांडवाचं सुटलेलं कापड, मग विजेचे खांब. तारा बघत नाही, कारण वरून तारा दिसतच नाहीत. खांब दिसला की तार आहे असं धरून चालायचं.

आता गुरुवारचं लिहिते, खरं तर त्याच्यासाठीच बसले आहे.

दादा मावशीला घेऊन दुकानात आला होता. मावशीचं गाव नदीकाठचं. दर पावसाळ्यात जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे पूल पाण्याखाली जातात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेने यमगर्णीजवळ महामार्गच बंद केला, आणि मावशी शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट गच्चीवर अडकली. दादा तेव्हा मुंबईला. पडद्यावर एका मित्राचा फोटो होता, दुसऱ्याच कुठल्या राज्यातल्या पुराचा: गढूळ पाणी, बुडालेली घरं, वर हेलिकॉप्टर. मावशी तो बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "असंच आलं होतं रे. आमच्या डोक्यावर आलं, घिरट्या घातल्या आणि निघून गेलं. तुझ्या आईला तिथंच ठेवून गेलं की!"

इतकी वर्षं हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पोरगा हेलिकॉप्टर चालवतो म्हणून गावात मिरवणारी बाई ती.

दादा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "आई, गच्चीवर काय काय होतं सांग."

तिने सांगितलं. गोठ्याचे पत्रे काढून वर बांधलेले. पलीकडे कौलारू घर, त्याच्या आढ्यावर दोघं बसलेले. नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारींची विजेची लाइन घरावरूनच गेलेली, खांब निम्मे पाण्यात.

मग दादाने एकेक उलगडून सांगितलं. हेलिकॉप्टर हवेत उभं राहतं ते आपल्या वजनाएवढ्या जोराने हवा खाली रेटून. तो वारा पत्रे उचलतो, कौलं उडवतो, आढ्यावरचा माणूस पाण्यात ढकलतो. जागच्या जागी उभं राहायला पुढे जाण्यापेक्षा जास्त ताकद लागते, तेलही भराभर जातं. आणि वाहत्या पाण्यावर डोळा फसतो. पाणी सरकत असतं, वैमानिकाला वाटतं आपणच सरकतोय, तो दुरुस्त करायला जातो आणि खरंच सरकतो. म्हणून एखादं झाड, एखादी भिंत धरून ठेवायची आणि नजर तिथून हलवायची नाही. "जिथे बोट पोचेल असं वरून दिसतं, ती जागा बोटीला ठेवतात," तो म्हणाला. "जिथे बोट जाणार नाही तिथे हे जातात. तुमच्याकडे बोट आली ना?"

"आली. दिवेलागणीला."

कितीजणांना एका वेळी उचलायचं हाही प्रश्न जुनाच. एप्रिल १९४४ मध्ये कार्टर हार्मन हा अमेरिकन वैमानिक आसामातल्या लालाघाटहून निघून ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकलेल्या चौघांना सोडवायला गेला. युद्धात हेलिकॉप्टरने माणसं सोडवल्याची ती पहिली वेळ. त्याचं यंत्र त्याच्याशिवाय एकच माणूस उचलायचं, म्हणून एकेकाला न्यावं लागलं. उरलेले वाट बघत थांबले. हे दादाने सांगितलं तेव्हा मावशी पहिल्यांदा मान हलवून "हं" म्हणाली.

तरी तिचं समाधान झालं नव्हतं. "मग जाताना हात तरी हलवायचा. येतो परत, असं तरी."

"हात मोकळा नसतो गं आई. उजव्या हातात एक दांडा, डाव्यात दुसरा, दोन्ही पाय पेडलवर. नाक खाजवायलाही सवड नसते."

"दारातल्या पोराने हलवला होता," मावशी म्हणाली. "दारात पालथा पडलेला. त्याने हात केला, बोट नदीकडे दाखवलं. आम्हाला वाटलं, पाणी वाढतंय म्हणतोय."

दादा काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "बोट येतेय म्हणत असेल."

रविवार, दुपार

सकाळी परत सगळे फोटो पाहिले, आणि काय खटकतंय ते सापडलं. एवढ्या फोटोंत वैमानिक आहेत ते यंत्राजवळ उभे, पंखा थांबल्यानंतरचे. डोंगर आहेत, ढगांवर पडलेली स्वतःची सावली आणि तिच्याभोवतीचं इंद्रवज्र आहे, सगळं सुंदर आहे. पण ज्या कामासाठी हे लोक आयुष्यभर उडले, त्या क्षणाचा फोटो जवळजवळ नाही. काढणार कोण? चौघांच्या आठवणींत मात्र तो क्षण आहे, आणि चौघांच्याही आठवणींत एक आवाज आहे. दोरीला माणूस लटकलेला असतो तेव्हा वैमानिकाला तो दिसत नाही, बरोबर यंत्राच्या पोटाखाली असतो. दारात पालथा पडलेला सहकारी कानात बोलत राहतो: "पुढे दोन... एक... थांब. धरून ठेव. वर येतोय." वैमानिक भिंतीकडे बघत त्या आवाजावर यंत्र धरतो. एकाने लिहिलंय, तो आवाज घाबरला असता तर मीही घाबरलो असतो.

आणि ह्या दारातल्या माणसांपैकी एकाचाही फोटो पेन ड्राइव्हमध्ये नाही.

मी दादाला फोन करून हे सांगितलं. पुस्तकाची रचना बदलू या म्हटलं. मोठे, देखणे फोटो कमी करू, आठवणींना जागा देऊ, आणि प्रत्येक पानावर वैमानिकाच्या नावाखाली दारातल्याचंही नाव छापू. छपाई लांबेल, खर्च थोडा वाढेल, पण माझी मजुरी मी घेणार नाही. तो म्हणाला, मजुरी घ्यायचीच, नाहीतर दुसरीकडे देतो. यावर आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. बाकी सगळं त्याला पटलं. त्याच्याबरोबरचे दोघं सातारा आणि गडहिंग्लजला असतात, त्यांना तो आजच फोन लावणार आहे. जुने, फिकट, ओळखपत्रावरचे, कसलेही फोटो चालतील म्हणून सांग म्हटलं. साफ करून घेणं माझं काम. पूर दाखवणारं पान मी बाजूला काढून ठेवलंय. त्यावर मावशीच्या तोंडचे चार शब्द घालावेत असं मनात आहे. मंगळवारी बाजाराला ती निपाणीत येईल तेव्हा तिला विचारते.