हाडं ठाण्याची, गाव चीनचं

आधीच सांगते, चीनची भिंत, शांघायच्या बिल्डिंगा, पांडा यातलं काहीही या पोस्टमध्ये नाहीये. आम्ही गेलो छ्वानचौला. "कुठे??" हा प्रश्न सासूबाईंपासून विमानातल्या शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. फुच्येन प्रांत, तैवानच्या समोरचा किनारा, शियामेनला उतरायचं आणि तिथून बुलेट ट्रेनने साधारण अर्धा तास. शियामेनमध्ये जे काही दिवस गेले ते मॉल आणि पावसात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आणि छ्वानचौला जायचं कारण होतं हाडं.

नीट सांगते. मी ठाण्याची. १३२१ साली आमच्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या कॅथलिक पंथाचे) पाद्री मारले गेले, काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि तो त्यांच्या जिवावर बेतला. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डनस नावाचा पाद्री तेव्हा ठाण्याबाहेर होता, त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. हो, तेच नालासोपारा. पुढच्या काही वर्षांत ओडोरिक नावाचा इटालियन पाद्री होर्मुझहून जहाजाने २८ दिवसांत ठाण्याला पोचला, त्याने ती हाडं काढली, कापडात बांधली आणि घेऊन निघाला ते थेट चीनला. वाटेत वारा पडला. जहाजावरच्या मूर्तिपूजकांनी आपल्या देवांना साकडं घातलं, मुसलमानांनी नमाज पढला, वारा काही हलेना, मग ओडोरिकने नोकराकरवी एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं त्याने स्वतःच १३३० मध्ये इटलीला परत गेल्यावर सांगून ठेवलंय. मग कोल्लम, सुमात्रा, जावा, चंपा (आजच्या व्हिएतनाममधलं राज्य) असं करत उरलेली हाडं ज्या बंदरात ठेवली ते झैतून, म्हणजे आजचं छ्वानचौ. बाय द वे याच गृहस्थाने सांगितलंय की ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. नौपाड्यात राहिलेल्या कुणालाही हा माणूस विश्वासार्ह वाटेल.

तर मला बघायचं होतं की ती हाडं जिथे गेली ते गाव आहे तरी कसं. नवरा म्हणाला, "अगं लोक हनिमूनला, शॉपिंगला चीनला जातात, आपण हाडं बघायला?" पण आला. त्याला फक्त खायचं होतं.

पहिल्या दिवशी वैताग आला. २०२१ मध्ये युनेस्कोने या शहरातल्या २२ जागा वारसा यादीत घातल्या आणि त्यानंतर म्हणे गर्दी सुटलीय. आणि गर्दी म्हणजे काय, तर डोक्यात फुलं माळलेल्या मुली. शुनपू नावाच्या कोळीवाड्यातल्या बायका अंबाड्याभोवती फुलांची वर्तुळं माळतात, फार सुंदर दिसतं, पण आता अख्ख्या चीनमधून मुली येऊन भाड्याने ती फुलं माळून घेतात आणि शहरातल्या प्रत्येक दगडापुढे फोटो काढतात. प्रत्येक. देवळाच्या पायरीवर, मशिदीच्या दारात, बसस्टॉपवरसुद्धा. फोटोग्राफर ओरडतोय, तुम्ही फ्रेममध्ये आलात की तुमच्याकडे असं बघतात की जणू तुम्हीच त्यांच्या लग्नात घुसलात. शुनपूत शिंपल्यांनी बांधलेल्या भिंती आहेत, ऑयस्टरचे मोठ्ठे शिंपले दगडासारखे रचलेले, त्या मला नीट बघताच आल्या नाहीत.

मग म्युझियम. समुद्री इतिहासाचं म्युझियम आहे, तिथला दगडांचा विभाग बघितलात तरी आख्खी ट्रिप वसूल. एका हॉलमध्ये अरबीत कोरलेल्या कबरी, पुढच्यात कमळावर उभा क्रूस आणि दोन्ही बाजूंना पंख असलेले देवदूत, ते देवदूत दिसतात मात्र बौद्ध लेण्यातल्या गंधर्वांसारखे, लिपी कुठे सिरियाक, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिश्चनांची, कुठे मंगोलांची फाग्स-पा. १३३२ चा एक झिजलेला लॅटिन दगड आहे, तो पेरुजियाच्या आंद्रेचा, हा इथला बिशप होता. त्याने १३२६ मध्ये घरी पाठवलेलं पत्र शिल्लक आहे. त्यात तो लिहितो की इथे प्रत्येकाला आपापल्या पंथाने राहायची मुभा आहे, आम्हाला मोकळेपणी प्रवचन देता येतं, पण मुसलमान आणि ज्यू यातलं कोणीही आमच्या धर्मात येत नाही. त्याचं मुख्य चर्च बांधून दिलं होतं एका श्रीमंत आर्मेनियन बाईने. मला ही बाई फार आवडली. आर्मेनियातून चीनच्या किनाऱ्यावर येऊन चर्च बांधण्याएवढा पैसा कशातून केला असेल तिने?

हाडांचा पत्ता कुठेच नाही. ओडोरिक म्हणतो हे शहर बोलोन्याच्या दुप्पट मोठं आहे आणि इथे आमच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन लोकांचे दोन मठ आहेत. मठही नाहीत. माहिती देणाऱ्या मुलीला मी ट्रान्सलेटर ॲपवर ठाणे, १३२१, चार पाद्री वगैरे सगळं टाइप करून दाखवलं, तिने हसून मला नकाशा दिला आणि फुलं कुठे माळून मिळतात ते दाखवलं.

आणि तिथल्या प्रत्येक पाटीवर एकच सूर, सगळे धर्म इथे कसे गुण्यागोविंदाने नांदले. मला हे ऐकून चीड येते, खोटं आहे म्हणून नाही, अर्धंच आहे म्हणून. नांदले, कारण बंदरात पैसा होता. सोंग राजवटीने १०८७ मध्ये इथे परदेशी व्यापाराचं सरकारी ऑफिस उघडलं, मग मिरी, धूप, चंदन, चिनी मातीची भांडी, रेशीम, काय विचारू नका. फू शौगंग नावाचा मुसलमान व्यापारी इथला एवढा बडा माणूस झाला की मंगोल आले तेव्हा शहर कोणाच्या हवाली करायचं हे त्यानेच ठरवलं. मग १३५७ ते १३६६ इथल्या पर्शियन फौजेचं बंड झालं, कत्तली झाल्या, राजवट बदलली, आणि या सगळ्या कबरी, देवळांचे खांब, क्रूस शहराच्या तटबंदीत चिऱ्यांसारखे बसवले गेले. म्युझियममध्ये दिसतात त्यातले कितीतरी दगड तिथून आलेत. विसाव्या शतकात तट पाडायला लागले तेव्हा वू वेनल्यांग नावाचा शाळामास्तर स्वतःच्या पैशाने ते दगड गोळा करत हिंडायचा. त्या मास्तरांचा पुतळा चौकात हवा होता खरं तर.

दुसऱ्या दिवशी खाययुआन मंदिर. ६८६ साली स्थापन झालेला बौद्ध मठ, दोन प्रचंड दगडी पॅगोडे, फुलवाल्या मुली इथेही पोचलेल्या. पण मुख्य हॉलच्या मागे जा, तिथे कोणी जात नाही. तिथे दोन खांब उभे आहेत आणि त्यावर चक्क नरसिंह हिरण्यकशिपूचं पोट फाडतोय! गजेंद्रमोक्ष आहे, बाळकृष्ण आहे. इथे तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं देऊळ होतं, त्यातलेच असावेत. १२८१ चा तमिळ शिलालेख सापडलाय, संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने मंगोल खानाचं भलं व्हावं म्हणून शिवाची स्थापना केली असं त्यात आहे, शेवटी एक ओळ चिनी. देऊळ पडल्यावर कोणीतरी खांब उचलून बुद्धाच्या हॉलला लावले. त्याच आवारात १९७४ मध्ये खाडीच्या गाळातून काढलेलं सोंग काळातलं जहाज ठेवलंय, तळाचा सांगाडा फक्त, तोच २४ मीटर, आत १३ कप्पे, म्हणजे एकात पाणी शिरलं तरी जहाज बुडू नये. त्यात निघालं काय, तर दोन टनांच्या वर सुगंधी लाकूड, मिरी, सुपारी, कवड्या. सुपारी बघून नवऱ्याला पहिल्यांदा इतिहासात इंटरेस्ट आला.

संध्याकाळी छिंगजिंग मशीद, दारावरच्या अरबी लेखानुसार हिजरी ४०० ची, म्हणजे १००९-१० ची. उंच दगडी कमान शाबूत, आतल्या हॉलचं छप्पर कधीच पडलंय, वर आभाळ. आणि तिला अगदी खेटून ग्वान यू या चिनी योद्धा-देवाचं देऊळ, तिथे ही गर्दी, लोक लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकून देवाला कौल लावतात, डिट्टो आपल्या कोकणासारखं, उजवा दिला की खूश, नाही दिला की परत टाकायचे. उदबत्त्यांचा धूर भिंतीवरून मशिदीत जातो.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते.

शहराच्या दक्षिणेला चिनच्यांग भागात एक छोटी टेकडी आहे, त्यावर त्साओआन. टॅक्सीवाल्याने तीनदा विचारलं, नक्की इथेच ना? ना मुली, ना फोटोग्राफर, ना दुकानं. एक बुटकं दगडी देऊळ, आत समोरच्या कातळातच कोरलेली मूर्ती, पाच फुटांची. पद्मासनात बसलेली, हात मांडीवर, मागे प्रभावळ. पहिल्या नजरेत बुद्ध. मग लक्षात येतं की याला दाढी आहे. दोन सरळ बटा छातीवर उतरलेल्या. केस खांद्यापर्यंत मोकळे. चेहरा हिरवट, हात गुलाबीसर, कपडे राखाडी, आणि हे रंग लावलेले नाहीत, कातळच तसा आहे. १३३९ ची मूर्ती. हा मानी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा २१६ साली बॅबिलोनियात जन्मला. प्रकाश आणि अंधार यांची लढाई चालू आहे, बुद्ध, झरथुष्ट्र, येशू हे सगळे माझ्या आधीचे प्रेषित, आणि मी शेवटचा, असं सांगायचा. स्वतः चित्रं काढायचा, स्वतः ग्रंथ लिहायचा, भारताकडेही येऊन गेला. इराणच्या एका बादशहाने आधार दिला, पुढच्या एकाने तुरुंगात टाकलं, बेड्यांतच मेला. नंतर त्याच्या लोकांना रोमन सम्राटाने जाळायचा हुकूम काढला, बगदादच्या खलिफांनी मारलं, चीनच्या तांग राजवटीने ८४३ मध्ये बंदी घातली. ख्रिस्ती धर्मातला थोर विचारवंत संत ऑगस्टीन आधी नऊ वर्षं यांच्यातच होता आणि बाहेर पडल्यावर यांच्याविरुद्ध पानंच्या पानं लिहिली. जगात एवढ्या सगळ्यांनी एकमताने एखादा धर्म संपवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आणि मी तिथे उभी असताना एक काकू आल्या. पायथ्याच्या गावातल्या असाव्यात, पायात स्लिपर, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून संत्री काढली, मानीसमोर ताटलीत रचली, उदबत्त्या लावल्या, तीनदा वाकल्या आणि मग बराच वेळ पुटपुटत काहीतरी सांगत बसल्या. मी ॲप पुढे केलं, हे कोण देव? त्या म्हणाल्या, मोनी क्वांग फो. मानी, प्रकाशाचा बुद्ध. काय मागितलंत? त्यांनी फोनमध्ये बोलून दिलं आणि ॲपने बायकी रोबो आवाजात सांगितलं, नातवाची परीक्षा आहे, तो गणितात कच्चा आहे.

मला रडू आलं. खरंच, धो धो. नवरा घाबरून, "अगं काय झालं, पोटात दुखतंय का?" काकूंनाही वाटलं माझं काहीतरी मोठं दुःख आहे, त्यांनी ताटलीतलं एक संत्रं उचलून माझ्या हातात दिलं आणि मूर्तीकडे बोट दाखवून मान डोलावली, माग तूही. काय सांगणार त्यांना, आणि तेही ॲपवर? मी नमस्कार केला. संत्रं तिथेच पायरीवर बसून खाल्लं, आंबट होतं.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत आमची यावरून जुंपली. माझं म्हणणं, जे दुसऱ्याच्या घरात शिरले ते टिकले. नरसिंह बुद्धाच्या हॉलचा खांब झाला, टिकला. जवळच्याच एका गावात चार हातांच्या एका हिंदू मूर्तीला लोक क्वानयिन, म्हणजे करुणेची बौद्ध देवी, समजून पुजतात, तीही टिकली. मानी बुद्ध झाला. क्रूसवाले कोणाचेच झाले नाहीत, गेले तटबंदीत, आणि बरोबर आमची ठाण्याची हाडंही. नवऱ्याने लगेच मुद्दा काढला, मग मशीद? ती तर मशीदच राहिली. बरोबर आहे त्याचं, मशिदीत १४०७ चा मिंग बादशहाचा हुकूम कोरून ठेवलाय, इथल्या मुसलमानांना कोणी त्रास द्यायचा नाही म्हणून. म्हणजे थोडी राजाची मर्जीही लागते. मी हे तेव्हा मान्य केलं नाही.

वाद मिटवायला ड्रायव्हरने (म्हणजे ॲपने) सुचवलं छनताय गाव बघा. तिथे डिंग घराण्याचा वाडा आहे, पूर्वजांच्या पाट्या वगैरे असलेला. हे डिंग लोक त्या जुन्या मुसलमान व्यापाऱ्यांचे वंशज. आता पूर्वजपूजा करतात, घरी डुकराचं मांस खातात, पण पूर्वजांना नैवेद्य दाखवताना मात्र त्यात डुक्कर चालत नाही. आपल्याकडे सर्वपित्रीला आजोबांना कांदा चालत नव्हता म्हणून भाजीत घालत नाहीत आणि रात्री आपण कांदाभजी हाणतो, त्यातलंच.

आणि हे गाव आज करतं काय, तर स्पोर्ट्स शूज. अँटा, एक्सटेप, ३६१ डिग्रीज, सगळ्यांचे मालक आडनावाने डिंग आणि सगळे याच भागातले. नवऱ्याने एका छोट्या दुकानात शिरून बिननावाच्या बुटांसाठी अर्धा तास घासाघीस केली, ठाणे स्टेशनचा सगळा अनुभव पणाला लावून. दुकानदारही डिंगच निघाला. एक युआन कमी केला नाही.