टेलला किती पाणी जातं

आमच्या घरात ‘गेट’ म्हटलं की अंगणाचं फाटक कुणाच्या डोक्यात येत नाही. गेट म्हणजे कालव्याचं. ह्यांची एकतीस वर्षं गिरणेच्या कालव्यांवर गेली, आधी मोजणीदार म्हणून, मग कालवा निरीक्षक म्हणून. गिरणा धरणातून नदीत सोडलेलं पाणी जामदा बंधाऱ्याला अडतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तोंडपाठ झालं. आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, सुरू झालं की हे घरी जेवायला येतील की नाही याचा नेम नसे. रात्री दोन वाजता फोन वाजायचा आणि पलीकडून एकच वाक्य यायचं, “साहेब, टेलले पानी उनंच नही.”

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. कालवा कुठलाही असो, टेलचा शेतकरी शेवटी पाण्याची वाट बघत बसतो. वरच्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यांवर, पाणी मुरतं, बाष्प होतं, कुणी रात्री दार जास्त उचलतं. हे मोटारसायकल काढून निघायचे. मी शाळेत पाचवीच्या मुलांना ‘धरणाचे फायदे’ शिकवायची, पण लग्नाला तेहतीस वर्षं होईपर्यंत ह्यांच्यासोबत एकदाही कालव्याच्या दारापर्यंत गेले नव्हते. आता लिहिताना त्याचं वाईट वाटतं.

म्हणून या उन्हाळ्यात लेकीने आम्हाला ओटावाला बोलावलं आणि जावयांनी विचारलं, “पप्पा, आठवडाभर होडीतून कालवा बघायचा का?”, तेव्हा मीच आधी हो म्हणाले. चाळीसगाव सोडलं तेव्हा मे संपत आला होता, दुपारी ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता. तिकडे जूनमध्ये सकाळी मला स्वेटर लागला.

कालव्याचं नाव रिडो. ओटावापासून किंगस्टनपर्यंत २०२ किलोमीटर. नाव कालव्याचं असलं तरी बरंचसं अंतर नद्या आणि तळीच आहेत, खोदलेला भाग थोडा. अमेरिकेशी १८१२ साली लढाई झाली, त्यानंतर इंग्रजांना भीती वाटत होती की सेंट लॉरेन्स नदीतून जाणारी त्यांची रसद सीमेपलीकडून तोडतील. म्हणून आतल्या बाजूने हा जलमार्ग काढला. लेफ्टनंट कर्नल जॉन बाय या लष्करी इंजिनिअरने १८२६ साली काम सुरू केलं आणि १८३२ साली होड्या चालू झाल्या. लढाई पुन्हा झालीच नाही. कालवा मात्र तेव्हापासून दर उन्हाळ्यात चालू आहे, आणि २००७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आमची होडी म्हणजे पाण्यावरचं छोटं घर होतं. दोन शेगड्यांचा ओटा, फ्रिज, झोपायची खोली. लायसन लागत नाही, अर्धा दिवस शिकवतात आणि किल्ली हातात देतात. ह्यांनी धरणावरची तपासणीची लाँच चालवलेली होती, त्यामुळे स्टिअरिंग त्यांच्याकडे. दोर माझ्याकडे. पहिल्या दिवशी जावई सोबत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरले आणि आम्ही दोघंच उरलो.

स्मिथ्स फॉल्स या गावातून निघालो आणि पुढचं लॉक आलं त्याचं नाव पूनामली. मी दोनदा पाटी वाचली. आपल्या चेन्नईजवळ पूनामल्ली आहे, तेच हे नाव. दोन्ही बाजूला झाडी, हिरवळ, एक पांढरा झेंडू दिसेना की तुळस दिसेना, आणि पाटीवर हे नाव. मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

लॉक म्हणजे काय ते नीट सांगते, कारण मला स्वतःला ते पुस्तकातून कधीच समजलं नव्हतं.

दोन दारांमधला लांब दगडी हौद. साधारण १३४ फूट लांब, ३३ फूट रुंद. आपण खालच्या पाण्यातून आलो की खालची दारं उघडी असतात. होडी हौदात घ्यायची, इंजिन बंद करायचं. भिंतीवरून जाड काळ्या केबली खाली सोडलेल्या असतात, त्यांच्यामागून आपला दोर घ्यायचा आणि दोन्ही टोकं हातात धरून उभं राहायचं. मागची दारं लागतात. मग वरच्या बाजूच्या झडपा उघडतात आणि पाणी हौदात यायला लागतं. पंप नाही, मोटार नाही. वरचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि आपल्याला वर उचलतं. आतलं आणि वरचं पाणी एका पातळीला आलं की वरची दारं उघडतात आणि आपण पुढच्या तळ्यात.

दारं लाकडाची, प्रचंड. दोन्ही फळ्या समोरासमोर सरळ मिटत नाहीत, वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात. पाण्याचा दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट. “पानीच कडी लाई देस,” हे म्हणाले. चार बोटं जरी पातळीत फरक असला तरी माणसाच्या ताकदीने ते दार हलणार नाही, आणि पातळी सारखी झाली की कॉलेजात शिकणारी एक मुलगी हँडल फिरवून ते उघडते. हो, हँडल. या कालव्यावरची बहुतेक लॉकं अजून हाताने चालवतात. पार्क्स कॅनडाची पोरं-पोरी उन्हाळ्यात हेच काम करतात.

पूनामलीच्या हौदात पाणी यायला लागलं तेव्हा मी दोर धरून पुढे उभी होते. हे मागे. भिंतीवरचं शेवाळ एकेक दगड करून पाण्याखाली जात होतं. मागून ह्यांचा आवाज आला, “देख वं, पानी चढी ऱ्हायनं.” हे घरात माझ्याशी मराठीच बोलतात. अहिराणी फक्त त्यांच्या आईशी बोलायचे, आणि कालव्यावर. मी मागे वळून बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते.

पुढे तळी. बिग रिडो लेक इतकं मोठं की मधोमध गेल्यावर कुठल्या काठाकडे चाललोय ते नकाशा बघूनच कळावं. मी तापीकाठची, माझं माहेर प्रकाशा. गोमाई आणि तापीचा संगम बघत वाढले. लहानपणी पुराच्या पाण्यात नाव कशी तिरपी घालतात ते मी पाहिलं आहे, पण त्या नावेत बायकांनी बसायचं ते काम असलं तरच, मजा म्हणून नाही. इथे मी तासन्‌तास पुढच्या बाजूला पाय सोडून बसले. रात्री नऊला सूर्य मावळायचा. मग पाण्यावरून लून नावाचा पक्षी ओरडायचा, लांबवर, विव्हळल्यासारखा. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, तिसऱ्या रात्री तो ओरडेपर्यंत झोप येईना.

नॅरोज नावाच्या लॉकजवळ मुक्काम केला तेव्हा भरीत केलं. दुकानातली वांगी जांभळी, आपली जळगावची हिरवी-पांढरी मिळणं शक्य नव्हतं. कपाशीच्या काड्या कुठून आणणार, कोळशाच्या शेगडीवर भाजली. लेकीने कांद्याची पात आणि मिरच्या दिल्या होत्या, शेंगदाणे होते, आणि कळण्याचं पीठ मी चाळीसगावहून नेलं होतं. शेजारच्या होडीतलं म्हातारं जोडपं वास घेत आलं. आमच्याजवळच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, त्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

न्यूबरो हा सगळ्यात उंच टप्पा. ओटावा नदीपासून इथपर्यंत पाणी पायऱ्यांनी ८३ मीटर चढतं, आणि इथून किंगस्टनकडे उतरायला लागतं. आतापर्यंत आम्ही चढत आलो होतो, न्यूबरोला पहिल्यांदा उतरायचं होतं. चढताना दोर ओढून घ्यावा लागतो, उतरताना सैल सोडावा लागतो. मला सांगितलेलं होतं, पण हात दुखत होता म्हणून मी दोर होडीच्या खुंटीला दोन वेढे देऊन ठेवला. पाणी खाली गेलं, दोर केबलीत अडकला आणि होडीचं नाक वर ओढलं गेलं. आतली भांडी घसरली. वरून मुलगी ओरडली आणि तिने झडप बंद केली. हे मागून धावत आले आणि त्यांनी वेढा सोडवला. ते मला एक शब्द बोलले नाहीत. माझे हात थरथरत होते. नंतर चहा करताना त्यांनी सांगितलं की नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री एका दाराची साखळी त्यांनी अशीच गुंतवून ठेवली होती आणि चारी फुटली होती. तीस वर्षांत हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

न्यूबरोला आणखी एक गोष्ट कळली आणि ती मनातून जात नाही. दोन तळ्यांच्या मधली जमीन खडकाची. तिथे सुरुंग लावून, टिकावाने कालवा खोदला. दलदल, डास, आणि उन्हाळ्यात हिवताप. मजूर बहुतेक आयर्लंडहून आलेले, बाकीच्यांत फ्रेंच कॅनडियन बरेच. सगळ्या कालव्यावर मिळून सुमारे हजार माणसं मेली, त्यांतली बरीच हिवतापाने. ज्या देशात मी जूनमध्ये स्वेटर घालून बसले होते तिथे हिवताप! सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाने घरंच्या घरं झोपलेली माझ्या आजीने बघितली होती. कुडकुडणाऱ्या माणसावर घोंगड्या टाकून वर आपण बसायचं, असं ती सांगायची. त्या मजुरांवर कोण बसलं असेल? पुढे चाफीजच्या लॉकजवळ त्या काळची दफनभूमी आहे. मी बिस्किटाच्या पुड्यातली दोन बिस्किटं आणि थोडं पाणी तिथे ठेवलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना ठेवतो, तसं.

ह्यांनी एक वही केली होती. रोज रात्री तीत आकडे. एका लॉकमध्ये आठ फूट चढउतार धरला तर हौदात एका वेळी सुमारे एक हजार घनमीटर पाणी लागतं. म्हणजे एक होडी पलीकडे न्यायला, दहा सेंटिमीटरची एक पाळी एका हेक्टरला बसेल इतकं. दहा मिनिटांत हौद भरला तर साठ क्युसेकच्या आसपास. मला वाटलं, आता हे म्हणतील की केवढं पाणी वाया. पण ते वहीकडे बघत बसले आणि म्हणाले, “वाया कुठे जातंय. एका हौदातून सुटलं की पुढच्या हौदाच्या कामी येतंय.”

डेव्हिस लॉकला आजूबाजूला गाव नाही. झाडं, एक जुनं दगडी घर आणि एक लॉक. सकाळी पहिली होडी आमचीच. तिथला लॉकमास्तर पन्नाशीचा, दाढीवाला. ह्यांनी आपल्या इंग्रजीत त्याला सांगितलं की मीही गेटवालाच, एकतीस वर्षं, भारतात. तो माणूस क्षणभर ह्यांच्या हातांकडे बघत राहिला आणि हँडलपासून बाजूला सरकला.

मी खाली होडीत दोर धरून होते. खालून मला फक्त ह्यांचे खांदे आणि पाठ दिसत होती. पहिल्या फेऱ्याला त्यांनी जोर लावला, मग अंदाज आल्यावर हात सैल केला आणि अंगाच्या लयीने फिरवायला लागले. मी ह्या माणसाला काम करताना पहिल्यांदा बघत होते. घरी दमून आलेला, चिखलाचे बूट दारात काढणारा माणूस मला ठाऊक होता, हा नव्हता. लाकडाचं दार करकरत हललं आणि मधल्या फटीतून पलीकडचं तळं दिसायला लागलं.

शेवटचा टप्पा जोन्स फॉल्स. चार लॉकं, आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे तिथलं दगडी कमानीचं धरण, साठ फूट उंच. यंत्रं नव्हती तेव्हा जंगलात बांधलेलं. होडी वरच बांधून आम्ही चालत गेलो. कमानीच्या एका टोकाशी हे उभे राहिले, दुसऱ्या टोकाशी मी, कारण तिथे हळू बोललेलं भिंतीवरून पलीकडे ऐकू जातं म्हणतात. ह्यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही.

तिथून परत फिरलो.

ऑगस्टमध्ये घरी आलो. आल्याच्या आठवड्यात ह्यांचे जुने पाटकरी, पाटाच्या पाण्यावर काम करणारे, भेटायला आले, भडगावकडचे, मक्याची कणसं घेऊन. ओट्यावर बसून ह्यांनी त्यांना फोनमधले सगळे फोटो दाखवले. दारं, हँडल, काळ्या केबली, हौदातून वर येणारी आमची होडी. त्यांच्यातल्या नानांनी एकेक फोटो चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. मी आतून चहा घेऊन आले तेव्हा ते विचारत होते,

“इतली दारं एकाफुढे एक. मंग टेलले पानी पोचस का?”

“जितलं वरथून सोडतस, तितलंच टेलले जास,” हे म्हणाले.

नानांनी फोन खाली ठेवला. कणसाची साल काढता काढता ते थांबले आणि पुन्हा विचारलं, “तितलंच?”

“तितलंच.”