आठ एमबीची फ्रेम, सोळा मिलिसेकंद

काम वरवर साधं होतं. डिकोडरकडून (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाकडून) व्हिडिओची फ्रेम, म्हणजे एक चित्र, घ्यायची, तिच्या तळाशी मजकुराची सरकती पट्टी काढायची आणि फ्रेम डिस्प्लेच्या बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) नेऊन ठेवायची. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमचे ८२,९४,४०० बाइट. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणून एकीच्या वाट्याला जेमतेम १६.६ मिलिसेकंद. आमचा प्रोग्राम तेवढ्यात बसत नव्हता, आणि वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या प्रोफायलरच्या म्हणण्यानुसार बराचसा वेळ नुसत्या उचलठेवीत जात होता.

जुन्या कोडमध्ये एकेक बाइट उचलून ठेवणारा लूप होता. तो काढून मी पूर्ण फ्रेमसाठी एकच मेमकॉपी (बाइट एका जागेवरून दुसरीकडे नेणारं सी भाषेतलं तयार फंक्शन) घातली. वेग लगेच वाढला, पण चित्र तिरकं आलं. आमची एक ओळ ७,६८० बाइटची, डिस्प्लेच्या बफरमध्ये मात्र दर ८,१९२ बाइटनंतर नवी ओळ सुरू होत होती. प्रत्येक ओळीमागे ५१२ बाइट मोकळे सोडायचे असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मग १,०८० ओळींसाठी १,०८० वेळा मेमकॉपी. इतक्या वेळा फंक्शन बोलावल्याने वेळ जाईल अशी भीती होती, पण एका हाकेत साडेसात हजारांवर बाइट जात असतील तर त्या हाकेचा खर्च जाणवतसुद्धा नाही.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, आपण स्वतः एव्हीएक्सच्या, म्हणजे एका दमात अनेक बाइट हाताळणाऱ्या सीपीयूच्या, सूचना वापरून एका वेळी ३२ बाइट हलवले तर? मोजमापासाठी छोटा प्रोग्राम लिहिला: मेमरी मागून घेणाऱ्या मॅलॉक फंक्शनने दोन मोठे बफर घेतले, एकातून दुसऱ्यात कॉपी केली, वेळ छापली. पहिली फेरी कमालीची संथ, पुढच्या फेऱ्या विश्वास बसणार नाही इतक्या वेगवान. माझा लूप मेमकॉपीला मागे टाकतोय असं समजून मी दोन दिवस आनंदात होते. तोच लूप खऱ्या प्रोग्राममध्ये घातला तर फरक शून्य.

कारण सापडायला वेळ लागला, पण या सगळ्या प्रकरणात मी सर्वांत जास्त शिकले ते इथेच. मॅलॉकने पत्ता दिला म्हणजे खरी मेमरी हातात आली असं नसतं. लिनक्समध्ये त्या जागेला पहिल्यांदा हात लावला जातो तेव्हा पेज फॉल्ट होतो, म्हणजे काम थांबून कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जातं, आणि तेव्हाच मेमरीचं ४,०९६ बाइटचं पान मिळतं. आमची फ्रेम भागून पाहिली तर बरोबर २,०२५ पानं. मोठी पानं वापरात नसतील तर एका फ्रेमभर पहिल्यांदा लिहिताना तेवढ्या वेळा कर्नलमध्ये फेरी. पहिली फेरी संथ होती ती यामुळे. आणि स्रोत बफरमध्ये मी काहीच लिहिलं नव्हतं! कधीच न लिहिलेली जागा नुसती वाचली तर कर्नल सगळीकडे शून्यांनी भरलेलं एकच सामायिक पान दाखवतो. म्हणजे मी आठ एमबी वाचतच नव्हते. तेच एक पान पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि ते सीपीयूच्या सगळ्यांत जवळच्या कॅशमध्ये (छोट्या, वेगवान मेमरीत) आरामात बसून होतं. दोन्ही बफर आधी भरून घेतले, पहिली फेरी मोजणीतून वगळली, आणि माझा लूप व मेमकॉपी शेजारी शेजारी येऊन बसले.

असं का, हे कळल्यावर माझा सूचनांवरचा भर कमी झाला. एवढी मोठी कॉपी करताना सीपीयूला सूचना पुऱ्या पडत नाहीत असं होत नाही, तो मेमरीची वाट पाहत असतो. त्यात एक छुपा खर्च आहे. साध्या पद्धतीने लिहिताना सीपीयू आधी ती ६४ बाइटची कॅश लाइन मेमरीतून आत आणतो, मग तिच्यावर लिहितो, आणि नंतर कधीतरी ती परत बाहेर जाते. आपण ती पूर्ण पुसून टाकणार असलो तरीही आणतो. म्हणजे एक फ्रेम कॉपी करायला फ्रेमच्या तिप्पट वाहतूक: स्रोत वाचणं, गंतव्य उगाच वाचणं, गंतव्य लिहिणं. स्ट्रीमिंग स्टोअर नावाच्या सूचना कॅशला वळसा घालून थेट लिहितात, आणि मधलं वाचन वाचतं.

डिस्प्लेच्या बफरसाठी त्या लावल्या. तिथे लिहिलेलं आमचा कोड पुन्हा वाचत नाही, त्यामुळे फायदा स्वच्छ दिसला. हुरूप येऊन त्याच मी पट्टी काढण्याआधीच्या कॉपीलाही लावल्या आणि पट्टीचा कोड मंदावला, कारण त्याला पुढच्याच क्षणी लागणारे बाइट आता कॅशमध्ये नव्हते. तिथून त्या काढल्या. (जीलिब-सी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची मेमकॉपी फार मोठ्या आकारासाठी हेच स्वतःहून करते. मर्यादा ती यंत्राच्या कॅशवरून ठरवते. हे आधी वाचलं असतं तर एक आठवडा वाचला असता.)

स्ट्रीमिंगसोबत एक दुर्मीळ दोष आला. दिवसातून एखाद्या वेळी पडद्यावर आधीच्या फ्रेमचा चिंचोळा पट्टा चमकून जायचा. हे लिखाण साध्या लिखाणाचा क्रम पाळत नाही. ‘फ्रेम तयार’ हा झेंडा दुसऱ्या थ्रेडला (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाला) दिसतो तेव्हा शेवटचे काही बाइट वाटेतच असू शकतात. झेंडा फडकवण्याआधी आधीचं लिखाण पोचेपर्यंत पुढचं थांबवणाऱ्या एसफेन्स सूचनेची एक ओळ घातली आणि तो पट्टा पुन्हा दिसला नाही.

सरकती पट्टी हे वेगळंच दुखणं. प्रत्येक ओळ त्याच बफरमध्ये चार पिक्सेल डावीकडे सरकवायची होती, आणि तिथेही मेमकॉपी होती. माझ्या यंत्रावर अक्षरं सुरेख, दुसऱ्या लायब्ररीच्या यंत्रावर चिंध्या. स्रोत आणि गंतव्य एकमेकांवर येत असतील तर मेमकॉपी कशाचीच हमी देत नाही, त्यासाठी मेममूव्ह आहे. सीच्या प्रमाणात हे स्पष्ट लिहिलंय. २०१० मध्ये जीलिब-सीने काही प्रोसेसरांवर मेमकॉपी उलट्या दिशेने चालवायला घेतली, तेव्हा फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला होता, तो याच चुकीमुळे. इतकी वर्षं ती चूक फक्त दिशेच्या नशिबावर तरली होती. आता चाचणीचा बिल्ड ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनासह चालवते. असा ओव्हरलॅप तो तिथल्या तिथे पकडतो.

भरण्याचं काम त्यामानाने लवकर आटोपलं. पट्टीची पार्श्वभूमी अपारदर्शक काळी हवी होती: रंगांचे तीन बाइट ०, अल्फा (अपारदर्शकतेचा बाइट) २५५. मेमसेट एकच बाइट सगळीकडे ठोकतं, त्यामुळे ० दिलं तर काळं पण पूर्ण पारदर्शक, २५५ दिलं तर पांढरं. पूर्णांकांच्या ॲरेत १ भरायला गेलं की १,६८,४३,००९ निघतात, तेही याच कारणाने. मी ३२ बिटांचा साधा लूप लिहिला, कंपायलरने त्याच्या रुंद सूचना स्वतः केल्या. एका जागी मूल्य आणि लांबी यांची अदलाबदल झाली होती. लांबी ० असलेलं मेमसेट बिनतक्रार चालतं आणि काहीही करत नाही. कंपायलरचे इशारे चालू केल्यावर ते जीसीसी या आमच्या कंपायलरने दाखवलं.

हे सगळं करून फ्रेम वेळेत बसू लागली, पण जेमतेम. मग कागदावर एका फ्रेमचा प्रवास काढला तर ती चार वेळा कॉपी होत होती. डिकोडरच्या बफरमधून आमच्यात, तिथून पट्टीसाठी वेगळ्या बफरात, तिथून रांगेत, रांगेतून डिस्प्लेकडे. रांगेत बाइट नेण्याची गरजच नव्हती. सुरुवातीलाच तीन बफर घेऊन ठेवले आणि थ्रेडमध्ये फक्त पॉइंटर (बफरचा पत्ता) फिरवला. पट्टी आमच्याच बफरवर काढली. डिकोडरला ओळींमधलं अंतर सांगता येतं हे दिसल्यावर त्याला ८,१९२ हा आकडा दिला आणि आमचा बफर थेट भरायला लावला.

उरली एकच कॉपी, डिस्प्लेकडे जाणारी. दोन्हीकडच्या ओळी आता सारख्याच अंतरावर असल्यामुळे ती पुन्हा एका हाकेची मेमकॉपी झाली, मोकळ्या ५१२ बाइटांसकट. तिच्या जागी माझा एव्हीएक्सचा लूप ठेवून पाहिला, फरक मोजण्याइतका नव्हता. लूप आणि त्याची एसफेन्स दोन्ही काढून टाकले. त्याच्या चाचण्या मात्र ठेवल्या आहेत, मेमकॉपीवर त्या तशाच चालतात.